गूळ विरघळतो, सिलिका नाही

अंबडच्या आमच्या फाउंड्रीत साच्यांची वाळू हाताळणाऱ्यांना पाळी सुटताना गुळाचा खडा देत. गुळाने छातीतली धूळ उतरते, असा सगळ्यांचा समज. लॅबमधले पगारे साहेब त्या ताटाशेजारी रोज दोन ग्लास पाणी ठेवत. एकात गूळ, दुसऱ्यात वाळूची भुकटी. "हलवा. कोणतं विरघळलं ते सांगा, मग खा," म्हणत.

वाळूची तपासणी मला त्यांनीच शिकवली. प्लॅटिनमच्या मुशीत नमुना घ्यायचा, त्यावर हायड्रोफ्लोरिक आम्ल. वाळूतली सिलिका वायू होऊन उडून जाते. घटलेलं वजन तिचं. "एक सिलिकॉन, दोन ऑक्सिजन. लय घट्ट बांधणी हाय. हे आम्ल तिला खातं, काच खातं, माणसाचं हाडबी खातं. अन् ह्यांचा गूळ तिला विरघळवणार."

माणूस मूळचा नामपूरचा. राग आला की 'आहे'चं 'शे' व्हायचं. धूळ ओढणारा पंखा आणि चांगले मास्क मागायला गेले, तेव्हा मॅनेजर हसला. "पगारे, वाळूच आहे ती. गोदावरीच्या काठी पोरं खेळतात तिच्यात."

"हाई वाळू नई साहेब, हाई पीठ शे," पगाऱ्यांनी टेबलावर हात आपटला. "आमी ते श्वासात घेतो."

मास्क आले नाहीत. गुळाचा खडा तेवढा मोठा झाला. लिहिताना आजही माझं डोकं फिरतं.

वर्षानुवर्षं कोरडी वाळू चाळून शेवटी खोकला त्यांनाही लागला. थुंकीत टीबीचे जंतू एकदाही सापडले नाहीत, तरी भरपाई टाळायला कंपनीच्या डॉक्टरने टीबीच लिहिला. भेटायला गेलो तर तो कागद त्यांनी माझ्या अंगावर फेकला. "जन्मभर मी घटक बरोबर लिहिले. माझ्याच कागदावर चुकीचा घटक नको. छातीत सिलिकाची धूळ शे. जा, सिलिकोसिस लिहून आण."

मी मान डोलावली आणि नोकरीच्या भीतीने गप्प बसलो. मॅनेजरपेक्षा जास्त चीड मला त्या माझ्या मानेची येते.

पगाऱ्यांच्या शोकसभेत मॅनेजर म्हणाला, "टीबीने आमचा मोलाचा माणूस नेला."

मी उठलो. "सिलिकोसिसने," म्हणालो. "त्यांनी मला तसं लिहून आणायला सांगितलं होतं. मी आणलं नाही."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना गुळाचं ताट आलं. मी शेजारी दोन ग्लास भरून ठेवले आणि मॅनेजरला बोलावणं धाडलं.