हरणाबाईंना ठाऊक नसलेल्या आठ गोष्टी

आमच्या कॉलेजच्या प्रकल्प अहवालात पान एकतीसवर हरणाबाईंची सही होती. सही खरी होती आणि तिच्या वरचा मजकूर आठ ठिकाणी खोटा होता. तो खोटेपणा कुणी केला, कसा केला आणि तो होत असताना मी काय करत होते, ते सांगायचंय. रागानंच सांगणार आहे. शांतपणे सांगायची ही गोष्ट नाही.

हरणाबाई बासष्ट वर्षांच्या. माहेर भूमकडचं, जिथं घरोघरी खव्याची कढई. लग्न होऊन बेंबळीजवळच्या वाडीत आल्या त्या खव्याचं ज्ञान सोबत घेऊनच. बेंबळीच्या रस्त्यावर खवा सोसायटी निघाली तेव्हापासून, म्हणजे अठरा वर्षं, मुख्य कढई त्यांच्याकडं. अंगानं बुटक्या, उजवा दंड डाव्यापेक्षा दीडपट, पदर कायम खोचलेला आणि बोलणं मोजकं. तुळजापूरचे पेढेवाले फोनवर एवढंच विचारायचे, "हरणाबाई हुत्या का आज कढईवर?" व्हय म्हटलं की डबा न उघडता माल घ्यायचे. बाईंची कमाई म्हणाल तर ही. बाकी मग रोजगार सगळेच कमावतात.

मी भैरवी, तुळजापूरची, मास्तरांची मुलगी. धाराशिवच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. 'इंटेलिजंट कंट्रोल' हा माझा विषय, म्हणजे जाणत्या माणसाच्या अंदाजानं यंत्र चालवायचं शास्त्र. सोसायटीनं वाफेवरची मोठी कढई घेतली. दूध तीत आपोआप घोटलं जातं. वाफ कधी, किती सोडायची हे ठरवणारी पेटी आमच्या कॉलेजनं करून द्यायची होती. प्रकल्प विभागप्रमुख डॉ. अनिरुद्ध सरांचा. राबायला मी.

सोसायटीचे चेअरमन उत्तरेश्वर आप्पा पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "हरणाक्का, मशीन तुमच्या सांगण्यावर चालणार. देखरेखीला तुमीच ऱ्हायचं. पर खवा बिगडला तर बोल बी तुमालाच."

"बिगडत न्हाय," हरणाबाई म्हणाल्या. "म्या जेवढं सांगीन तेवढ्यावर चाललं तर बिगडत न्हाय."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

तीन महिने मी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. फझी लॉजिकमध्ये एखादी गोष्ट नुसती 'आहे' किंवा 'नाही' नसते. खवा थोडा सैल असतो, बराचसा आलेला असतो, आलाच असतो. पुस्तकात हे समजवायला आम्ही आठ पानं घेतो. हरणाबाई कढईतलं उलथणं एकदा फिरवून सांगायच्या, "निम्मा सैल हाय, निम्मा आलाय." मी त्यांच्या हाताला किती जोर लागतो ते मोजायची आणि त्यांचा शब्द पुढं लिहायची. शंभर-सव्वाशे वेळा हे केलं, आणि माझ्या वक्ररेषा इतक्या सुबक उतरल्या की मीच चकित झाले.

मग नियमांचा तक्ता. दूध पातळ, बरं की दाट. ताजं, शिळसर की आंबूस. उलथणं हलकं, मध्यम की जड. तीन त्रिक नऊ, नवत्रिक सत्तावीस. प्रत्येक घरात एक उत्तर: वाफ बंद, मंद, मध्यम की मोठी. एकोणीस घरांची उत्तरं बाईंनी एकेका दमात दिली. उरलेल्या आठांवर थांबल्या. आठही आंबूस दुधाची.

"ह्ये ठाऊक न्हाय," म्हणाल्या.

"अक्का, अंदाजे सांगा."

"अंदाजच न्हाय. आंबूस दुधाला कवा कवा मोठी आच देऊन झटक्यात उरकावं लागतं, न्हायतर ते फाटतं. कवा कवा आच पार काढूनच घ्यावी लागते. कोणत्या दिशी काय, ते आदी कळत न्हाय. त्या टायमाला म्या कढईपाशी उभी ऱ्हाते. लिव तसं."

म्हशीनं काय खाल्लं, दूध उन्हात किती वेळ राहिलं, कुणाच्या भांड्यात आलं यावर ते असायचं. चव्वेचाळीस वर्षं कढईपाशी काढलेली बाई आठ प्रश्नांना 'ठाऊक नाही' म्हणते, तेव्हा तिच्या उरलेल्या एकोणीस उत्तरांची किंमत वाढते. हे कळायला डॉक्टरेट लागत नाही. डॉक्टरेट असली की मात्र कळत नसावं.

आमच्या शास्त्रात या 'ठाऊक नाही'साठी एक देखणी रीत आहे. तिला मॅक्सिमम एन्ट्रॉपी म्हणतात. नाव भारदस्त, पण सांगणं साधं: जेवढं माहीत आहे तेवढं काटेकोर पाळा आणि जे माहीत नाही त्यात पदरचं काही घुसडू नका. बेंबळीच्या फाट्यावर कुणी सांगितलं की एसटी नऊ ते दहाच्या दरम्यान येते, तर त्या तासातलं प्रत्येक मिनिट सारखंच धरायचं. "सव्वानऊला येईल बघा" असं छातीठोक सांगायचं नाही. पुढं कळलं की ती बहुधा उशिराच येते, तर त्या बाजूला तेवढं झुकायचं, त्याहून तसूभर जास्त नाही. मी त्या आठ घरांत तेच केलं. बाईंच्या बोलण्यात होतं तेवढं धरलं, बाकी सगळ्या शक्यता सारख्या सोडल्या आणि यंत्राला सांगितलं: शक्यता अशा पसरलेल्या दिसल्या की वाफ तोड, घंटा वाजव आणि माणसाला बोलाव.

सरांनी तक्ता पाहिला आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

"घंटा? भैरवी, आपण स्वयंचलित यंत्र बनवतोय. तपासणी समितीपुढं आठ रिकामी घरं ठेवू?"

"रिकामी नाहीत, सर. त्यांत अज्ञान लिहिलंय. किती आहे तेही लिहिलंय."

"सगळ्या शक्यतांना सारखं वजन दिलंस ना? मग सरासरी काढ. काय येतं?"

"मध्यम."

"झालं तर मग! आठही घरांत 'मध्यम' लिही. मध्यम कुणाला बाधत नाही."

मी म्हणाले, "सर, फाट्यावर उभ्या माणसाला डावीकडं जायचं की उजवीकडं हे ठाऊक नसेल, तर त्यानं मधोमध गाडी घालायची का? मधोमध बाभळी आहेत."

सर हसले. उदाहरण छान आहे, वर्गात वापर, म्हणाले. आणि एन्ट्रॉपीचं नाव शीर्षकात राहू दे, समितीवर छाप पडते. म्हणजे रीत फेकून दिली आणि तिचं नाव दारावर लावलं. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण हे सगळ्यांच्या वरचं होतं.

आठ घरं सरांनी स्वतः भरली. समितीची घाई होती म्हणून कोऱ्या पानावर बाईंची सही आधीच घेऊन ये म्हणाले. आणायला गेले मीच. बाई सही करतात, फक्त वेळ लागतो. पेन हातात धरून त्यांनी मला विचारलं, "ह्येच्या वर काय लिवनार?"

"तुम्ही सांगितलं तेच, अक्का."

आणि त्यांनी सही केली. मी परत कॉलेजात आले, सरांचा तक्ता त्या पानाला जोडलेला पाहिला आणि खाली सहायक संशोधक म्हणून माझीही सही केली. माझी नोकरी कंत्राटी होती आणि मे महिन्यात नूतनीकरण होतं. कारण सांगतेय, समर्थन करत नाहीये.

समिती आली, चहा-फराळ झाला, टाळ्या वाजल्या. मशीन जूनपासून सुरळीत चाललं, कारण दूध ताजं होतं आणि ती उत्तरं बाईंची होती. मशीनला आता उभं राहणारं माणूस लागत नाही म्हणून बाईंना पॅकिंगच्या टेबलावर बसवलं.

मग नवरात्र आलं. तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ते भरले, दुधाची गाडी आश्विनाच्या उन्हात अडकली आणि तीन तास उशिरा पोचली. तीनशे लिटर दूध, आंबूस वासाचं. पेढेवाल्यांचे फोनवर फोन येत होते, म्हणून तसंच कढईत ओतलं. यंत्रानं वास मोजला, जोर मोजला, तक्त्यात घर शोधलं आणि शांतपणे वाफ मध्यमवर ठेवली. मोठी नाही, बंद नाही. दूध फाटलं, चोथा तळाला बसला आणि लागला. बाई टेबलावरून उठून धावत आल्या, "बंद कर! बंद कर!" म्हणून ओरडल्या. मशीनवरचा महालिंगप्पा बिचारा गोंधळला आणि पडद्याकडं बोट दाखवून म्हणाला, "अक्का, ह्यो तुमचाच नेम हाय की! तुमचं नाव येतंय, बगा."

पडद्यावर खरंच लिहिलेलं होतं. नियम बाविसावा. वाफ मध्यम. तज्ज्ञ: हरणाबाई.

दुसऱ्या दिवशी अकराला सोसायटीच्या ऑफिसात बैठक झाली. आप्पा, सर, मी आणि दाराजवळच्या खुर्चीच्या टोकाला हरणाबाई. तोवर गावात बातमी फिरली होती की हरणाबाईनं सांगितलेलं चुकलं, तुळजापूरची सणाची ऑर्डर जळाली. पेढेवाल्यांपैकी एकानं आप्पांना सरळ विचारलं होतं, "म्हातारीचा हात गेला का?"

आप्पांनी बाविसावा नियम वाचून दाखवला. "खाली सही तुमची हाय, अक्का."

"सही माजी हाय. ह्ये बोलणं माजं न्हाय."

सर मऊ आवाजात म्हणाले, "आजी, विसरला असाल. वयानं होतं असं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाची स्मृतीही गेलीय म्हणे! मी उभी राहिले. "त्या विसरल्या नाहीत, सर. त्या घरात 'ठाऊक नाही' होतं. आठही घरांत. 'मध्यम' तुम्ही लिहिलंत."

सर जराही न डगमगता म्हणाले, "तुझ्याच पद्धतीची सरासरी होती ती. अहवालावर तुझी सही आहे."

आप्पा वैतागले होते. त्यांना कुणी लिहिलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. "हे बगा, झालं गेलं ऱ्हाऊ द्या. अक्का, आठ उत्तरं आता सांगा. सायेब मशीनमदी घालतील. गावाला म्या सांगतो की चूक दुरुस्त झाली, पेढेवाल्यांना बी सांगतो. आन उद्यापासनं मशीनवर तुमीच. पॅकिंगला न्हाय."

किती सोपं होतं! दोन-तीन अक्षरी आठ उत्तरं. आठांपैकी निम्मी बरोबरही निघाली असती. नाव परत, जागा परत. सरांनी तर पेनाचं टोपणही काढलं.

हरणाबाई म्हणाल्या, "सगळे सत्तावीस वाचा."

मी वाचले. एकेका नियमाला त्या मान हलवत गेल्या. अकराव्याला हात वर केला. "ह्यो खोडा."

"हा तर बरोबर चाललाय, अक्का," मी म्हणाले. "चार महिने एकदाही चुकला नाही."

"बरोबर आसंल. पर ती माज्या आयीची गोष्ट. तिच्या तोंडनं ऐकली तशी सांगितली. म्या सवता कदी करून बगितली न्हाय. माज्या नावावर नको. ठाऊक न्हाय म्हणून लिवा."

"आन ती आठ?" आप्पांनी विचारलं.

"ती तवा बी ठाऊक न्हवती, आता बी न्हायती. ठाऊक असती तर कढईपाशी उभी कशाला ऱ्हायले असते?"

आप्पांनी कपाळाला हात लावला. "आठाची नऊ केली हो ह्यांनी! ज्यास्नी नऊ गोष्टी ठाऊक न्हायती, त्यांना तज्ज्ञ म्हणून ठिवून करू काय म्या?"

सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. बाई उठल्या, पदर सारखा केला, आप्पांना 'येते' म्हणाल्या आणि बेंबळीच्या रस्त्यानं चालायला लागल्या. सर मला म्हणाले, "बघितलंस? अशी माणसं असतात. त्यांच्याकडून माहिती काढणं हेच अवघड." मला त्यांच्या अंगावर अहवाल फेकावासा वाटला. फेकला नाही.

आठवड्यानं मी वाडीत गेले. बाईंनी अंगणात लहान कढई मांडली होती, घरच्या दोन म्हशींचं दूध. मला पाट दिला, पाणी दिलं. कढईवरची नजर न काढता विचारलं, "माजं नाव काढलं का त्या कागदावरनं?"

"काढलं, अक्का. सुधारित अहवाल गेला. तज्ज्ञ म्हणून आता सरांचं नाव आहे. नऊच्या नऊ घरांत मध्यम."

"ब्येस झालं." उलथणं दोनदा फिरलं. "आन तुजं?"

"माझं आहे अजून."

त्यांनी आच ओढून घेतली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"पोरी, मला तर ठाऊक न्हवतं," त्या म्हणाल्या. "तुला ठाऊक हुतं न्हवं?"

मी हो म्हणाले.