सुटलेल्यांची शाळा

मुलांनो, आपल्या पुण्यात एक जुनी दगडी शाळा आहे. इंग्रजांच्या काळात, गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांसाठी ती काढली होती. आता तिथे वर्ग भरत नाहीत. आम्ही पेन्शनर मंडळी इमारती बघायला म्हणून जातो आणि व्हरांड्यातल्या गार फरशीवर बसून वाद घालतो.

तिथल्या वॉचमनचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलतानाही तो शिट्टी दातांत धरून ठेवतो, त्यामुळे रागावला की त्याचा अर्धा शब्द वाजतो.

परवा संध्याकाळी बंद करायची वेळ झाली, तरी कोणी उठेना. कमानी गॉथिक आहेत की नाहीत, यावर कोथरूडचे दोन निवृत्त प्राध्यापक अडून बसले होते.

"अहो, उठा की! माझी कात्रजची शेवटची बस हाय. ती गेली तर मी हितंच ऱ्हाऊ का?" वॉचमन ओरडला.

"राहा की. वास्तू ऐतिहासिक आहे," एक प्राध्यापक म्हणाले.

वॉचमन तडक व्हरांड्याच्या टोकाला गेला. कोपऱ्यात टांगलेल्या लोखंडी रुळाच्या तुकड्यावर त्याने हातोडीने घणघणघण असे लांबलचक टोल दिले. शाळा सुटायचे टोल! सगळे ताडकन उठले, पिशव्या छातीशी धरून फाटकाकडे पळत सुटले. गुडघ्यांची ऑपरेशनं कुणाला आठवलीच नाहीत.

बस गाठायच्या घाईत कुलूप लावता लावता तो मला म्हणाला, "आजी, गुलाम असू द्या न्हायतर मास्तर, सुटायला समद्यांनाच आवडतंय."

मी भिंतीला टेकून उभी होते. धाप लागली होती. फाटकाबाहेर सगळ्यांत आधी मीच पोहोचले होते.