पंजाबरावांची न फवारलेली वांगी

आमचे पंजाबराव मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, रिसोडजवळ भाजीपाला पिकवतात. कष्टाला वाघ, बोलायला गोड, पण जानरावाचं नाव निघालं की त्यांच्या पोटात दुखायला लागतं. जानरावाचं वावर धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून. त्याची म्हैस व्याली तरी मोठेबाबांना आपल्या म्हशीचा अपमान झाल्यासारखं वाटायचं. मी घरचा माणूस, म्हणून स्पष्ट सांगतो.

तशात ती संशोधन संस्था आली. नागपूरकडची, चांगली मोठी. माणसं एकाच गाडीतून उतरायची, पण प्रत्येकाचं शास्त्र वेगळं. एक मातीत नाक खुपसून बसायचा, दुसरा विहिरीत बाटली सोडायचा, तिसरा बाभळीखाली मान वर करून पाखरं मोजायचा. डॉक्टरीणबाई जानरावाला नळीत फुंकायला लावायची, कारण जन्मभर विषारी औषधं फवारून छातीचं काय होतं हे तिला पाहायचं होतं. एकानं तर जानरावाच्या बायकोला, मोतीबाईला, ढगांना तुमच्याकडे काय काय म्हणतात ते विचारलं आणि तिचं बोलणं यंत्रात भरून घेतलं.

या सगळ्यांच्या कामाच्या मुळाशी एक अर्क होता. संस्थेच्या रसायनवाल्यांनी तो रानातल्या पाल्यापासून काढला होता. वांगं पोखरणारी अळी त्यानं मरते का, आणि माती, पाणी, पाखरं, माणूस यांना तो सोसतो का, हे एकदमच पाहायचं होतं. फवारायचा होता जानरावाच्या वांग्यांवर.

मोठेबाबांकडे आली ती किड्यांचा अभ्यास करणारी नमरा मॅडम, कारंज्याचीच पोर. म्हणाली, "काका, तुमच्या या तुकड्यात यंदा काहीच मारायचं नाही. नुकसान झालं तर संस्था भरून देईल. जानरावकाकांची वांगी कोणत्या तरी वांग्यांशी ताडून पाहावी लागतील ना? ती तुमची."

मोठेबाबांना त्यातलं एवढंच ऐकू आलं की काहीच मारायचं नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"त्याच्या वावरात अर्क आन् माह्या वावरात अळ्या! मी काय बुजगावनं हाव?"

"अवो, बसून राहा म्हनतेत तं बसा ना गुमान," कस्तुराबाई मोठीआई म्हणाली. "लोकं यासाठी देवाले नवस करतेत."

बसवतं कुठे! जानराव चहाच्या टपरीवर सांगत सुटला होता, "माहा श्वास नागपूरले जाते." मोठेबाबांनी घरी येऊन दम रोखून पाहिला, पण मोजायला कोण होतं? पुढे त्यांच्या वांग्यांचे शेंडे अळीनं माना टाकू लागले. धुऱ्यापलीकडे मात्र सगळं हिरवंगार. ते तासन्‌तास धुऱ्यावर बसून तिकडे बघत राहायचे.

जानरावाकडे हात पसरणं म्हणजे मरण. म्हणून तो बाजाराला गेलेला बघून त्यांनी मोठीआईच्या हाती कॅन देऊन तिला मोतीबाईकडे पाठवलं. आमच्याकडे विरजण, बियाणं आणि उरलेलं औषध शेजाऱ्याला नाही म्हणायची रीत नाही. संस्थेनं अर्क कोणाला देऊ नका असं बजावलं होतं, पण कोणाला म्हणजे परक्याला. शेजार त्यात कोण धरतं? "उरलं तं फेकाच लागते, घेऊन जा बाई," म्हणत मोतीबाईनं कॅन भरून दिली. मग दर बाजाराच्या दिवशी हेच. मोठेबाबा पाठीवर पंप घेऊन अशा तोऱ्यात फवारायचे, जणू संस्था त्यांच्याच बापानं काढली होती.

तोडणीला सगळे शास्त्रज्ञ हजर झाले. नमरा मॅडमनं दोन्हीकडची वांगी कापून पाहिली. जानरावाकडे किडकं वांगं शोधूनही सापडेना. मोठेबाबांकडेही तीच गत.

"म्हणजे अर्कानं काही केलंच नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "न फवारलेल्या वांग्यांतली अळीही आपोआप ओसरली. हे काम आता थांबवावं लागेल."

जानराव मटकन धुऱ्यावर बसला. डोळ्यांत पाणी. झालं, संस्थेची सगळी फौज त्याच्याभोवती गोळा! डॉक्टरीणबाईनं त्याला पाणी दिलं, मातीवाल्यानं पाठीवर हात ठेवला, पाखरंवाला त्याच्या शेजारी बसला.

मोठेबाबा एकटेच उभे होते. बरोबरी झाली होती, पण ती बघायला कोणी नव्हतं. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता त्यावर. हरलेल्या जानरावालाही एवढी माणसं मिळतात, हे त्यांना सोसलं नाही.

"ओ मॅडम! मीबी मारला तो अर्क! दर बाजाराच्या दिवशी मारला!"

सगळ्या माना वळल्या. किती मारला, कशात कालवला, कोणत्या पंपानं मारला, मॅडम विचारत गेली आणि मोठेबाबा रंगून सांगत गेले. एवढं लक्ष देऊन त्यांचं कोणी कधी ऐकलं नव्हतं. आता आपली पाठ थोपटणार, अशा थाटात ते थांबले.

मॅडमनं हातातलं वांगं खाली ठेवलं. मग म्हणाली, "काका, अर्क चांगलाच असेल. पण आता ते सिद्ध कशावरून करू? तुमची वांगी तशीच राहिली असती तर जानरावकाकांच्या वांग्यांना किंमत होती. त्यांना अर्क दिला, तुमच्यावर भरवसा टाकला. अर्धं काम त्यांचं होतं, अर्धं तुमचं."

अर्धं. म्हणजे जानरावाच्या बरोबरीचं, आणि तेही पहिल्या दिवसापासून. दुसऱ्याला अपशकुन करायला माणसानं आपलं नाक कापून घ्यावं ते असं. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

"मंग पुढच्या साली?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या साली कामरगावला. तिथं शेजारशेजारची दोन वावरं पाहिलीत. इथं आता नाही."

सामान चढलं, गाडी सुरू झाली. जानरावानं हात केला. मोठेबाबा मात्र गाडीसोबत चालत खिडकीशी गेले आणि काचेवर टकटक केली. मॅडमनं काच खाली घेतली.

"कामरगावात," त्यांनी विचारलं, "काहीच नाई मारा लागत, ते वावर कोनाचं घेतलं?"