सरांसाठी निवडलेली ट्रेडमिल

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही — बायकोलाही नाही. तिला वाटतं, सरांसाठी मी केवढी धावपळ केली. केली खरी. कशासाठी केली, ते तुम्हाला सांगतो.

माझं चंद्रपूरला व्यायामाच्या सामानाचं दुकान आहे. अलीकडे गिऱ्हाईक वाढलं ते वाघामुळे. पहाटे गावाबाहेर फिरायला जायची लोकांची हिंमत राहिली नाही, मग चालायचं ते घरातच. कोणी आलं, की मी आधी एकच विचारतो — गुडघे कसे आहेत? कोणतं मशीन द्यायचं ते त्यावरच ठरतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी एकाच माणसाला विचारला नाही.

ते आमचे पीटीचे सर. नागभीडच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली धावायचो. चांगला धावायचो — हे मी नाही, तेच म्हणायचे. जिल्ह्याच्या शर्यतीआधी माझा उजवा गुडघा सुजला. सांगितलं, तर सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "दुखून नाई राह्यलं, नाटक करून राह्यला. सवय व्हईल. मार अजून दहा राउंड." मारले. आठव्या राउंडला पडलो. त्यानंतर मी कधी धावलो नाही. आजही दुकानाच्या पायऱ्या डावा पाय आधी टाकूनच चढतो.

मागल्या उन्हाळ्यात सर रेल्वेने आले. सत्तरी उलटलेली, शुगर वाढलेली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. "तलावाच्या रस्त्यावर वाघीण पिल्लं घेऊन बसली बे," म्हणाले. "आता तिले का शिटी वाजवून बाजूले करू? तूच सांग काय घेऊ. तू धावलेला माणूस, तुले समजते."

धावलेला माणूस.

ते पायऱ्या कसे चढले, हे मी काउंटरवरून पाहिलं होतं. हात मांडीवर, दर पायरीला तोच पाय आधी. ती चाल मी ओळखणार नाही? गुडघे गेलेल्या माणसाला द्यायची ती पाठीला टेका असलेली सायकल समोरच उभी होती. सरांनी तिच्या सीटवर हातही ठेवला. मी म्हणालो, "ती बुक झाली सर." झाली नव्हती. मग त्यांना कोपऱ्यातल्या बिनमोटरच्या ट्रेडमिलकडे नेलं. तिचा पट्टा पायाने रेटावा लागतो, आणि चढ कायमचा — धडधाकट माणसाच्याही गुडघ्याला ती जाणवते. "तुमच्याकडे लाईट जाते ना सर? हिले लाईट लागतच नाई." सायकलीलाही लागत नाही. सरांच्या ते ध्यानात आलं नाही. नागभीडला जाऊन मी स्वतः मशीन बसवलं. सरांच्या बायकोने, बाईंनी, चहा दिला. म्हणाल्या, पोटच्या पोरानंही एवढं केलं नसतं.

महिन्याने फोन आला. "गुडघा सुजून राह्यला रे. बंद करू का?"

इथे तरी थांबायला हवं होतं, नाही का? मी त्यांना तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. ऐकू आलं नाही म्हणून नव्हे — चव घेत होतो. मग म्हणालो, "सवय व्हईल सर. अजून दहा मिनिटं वाढवा."

त्यांनी वाढवली. शिस्तीचा माणूस — रोज वाढवत गेले.

आता ते घरातही काठीनेच चालतात. अंगणात उतरायला बाईंचा खांदा लागतो. मला फोन करून उलट स्वतःलाच बोल लावतात, "म्याच लय उशिरा सुरू केलं, तुझा काय दोष." हे ऐकताना आत काहीतरी निवतं — खोटं कशाला बोलू, अजूनही निवतं. त्यांना माझा गुडघा खरंच कळला नसेल. मला त्यांचा कळला होता. पहिल्याच पायरीला.

ती सायकल पुढे दोन महिने दुकानातच उभी होती.

सरांचं मी एक वाक्य देणं लागतो — नागभीडला जाऊन, त्यांच्या समोर उभं राहून: सर, ती बुक झालेली नव्हती. ते मी अजून बोललेलो नाही.