लेडीज सायकलीला नळी

आठवीत शाळेकडून मला सायकल मिळाली, तेव्हा आमच्या बापानं हँडलला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा चारला कुणाला, तर म्हाताऱ्या मेंढीला. मी शेजारी उभी! मेंढरामागं जन्म गेलेला माणूस, त्याच्या लेखी घरातली थोरली तीच.

सायकल देताना पाहुण्यांनी भाषणात बजावलं होतं, ही फक्त शाळेत येण्याजाण्यासाठी आहे, दुसऱ्या कामाला वापरायची नाही. बापानं तेवढंच डोक्यात धरलं. आमच्यात दुसऱ्याची मेंढरं अर्धलीनं सांभाळायची रीत. सांभाळ आपला, जनावर मालकाचं, होणाऱ्या पिलांत निम्मी वाटणी. पण त्या जनावराच्या कानाला आपली खूण करायची नाय. केली की मालक येऊन सोडून नेतो आणि चार गावांत चोर म्हणून नाव होतं. बापाच्या हिशेबी शाळा मालक आणि सायकल अर्धलीची मेंढी. मला लई हसू यायचं तेव्हा.

पुढच्या साली पाऊसच झाला नाय. विहिरीत गाळ राहिला, मग गाळ बी वाळला. वस्तीच्या खालच्या अंगाला, चितेगावकडं जाताना, शेतं विकून प्लॉटिंग पडलं होतं. रंगीत झेंडे, कमान, आत एक माणूस राहत नव्हता. पण तिथं बोअर होता आणि त्याला पाणी होतं. राखणदार भला, सकाळी शाळेच्या वक्ताला तासभर नळी सोडायचा. तेवढ्यात भरलं ते भरलं.

मायची कंबर गेलेली, बाप चाऱ्याच्या मागं मेंढरं घेऊन दूर. राहिले कोण, मी आणि सायकल. लेडीज सायकलीला मधी आडवी नळी नसती, कॅन टांगायचे कशाला? बापानं एक दिवस ती चितेगावात नेली आणि लोखंडी पाईप वेल्डिंग करून आणला. पाईपाला दोन्ही बाजूंनी आकडे. चार कॅन लटकले की सायकल ढकलायची, बसायची सोयच राहिली नाय. आकडे मांडीला लागायचे, आणि नळीवरनं टांग टाकून पोरीनं रस्त्यानं जायचं म्हणजे वस्तीनं थुंकलं असतं.

"पाऊस पडला की कापून टाकतो," बाप म्हणला. "मग जा बिनघोर."

माझा सगळा जीव त्या वाक्यात अडकला होता. शाळेत नाव असलं म्हणजे झालं, पाऊस काय, आज ना उद्या येईल. पाणी ओढता ओढता मी पाठ कविता म्हणायची, विसरू नयेत म्हणून. राखणदार हसायचा. हसू दे मेला.

एका दुपारी बांधावरनं फटफटी येताना दिसली. आमचे सर. बाप त्या दिवशी घरीच होता, त्याचं तोंड एकदम उतरलं. "सायकल न्यायला आले. नळी बघितली तर संपलं." सायकल त्यानं मागं मेंढरांच्या वाड्यात लोटली, वर वाकळ टाकली. मला म्हणाला, "तू बी तिथंच बस. तू दिसली की सायकल इचारतील."

मी पत्र्याआड बसले. सगळं ऐकू येत होतं.

"पोरगी शाळेत येत नाही?" सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

"ती व्हय? तिला मामाकडं धाडली, बजाजनगरला. तिथंच शाळेत घातली. सायकल बी संगंच नेली तिनं."

मायनं सरांना पाणी दिलं. सकाळीच मी ओढून आणलेलं. सर घटाघटा प्यायले.

"बरं केलंत," ते म्हणाले. "हुशार आहे, शिकू द्या तिला. आमच्याकडचं नाव कमी करतो मग. दाखला घेऊन जा येऊन."

"येतो की, गुरुजी."

ओरडली का नाय, असं आता माझ्या पोरी मला विचारतात. अगं बायांनो, बाप खोटं बोलत असताना लेकीनं मधी तोंड घालायचं असतं का आमच्यात? आणि खरं सांगू, मलाही तेच भ्या होतं. सायकल नेली तर पाऊस पडल्यावर जायचं कशावर? मी वाकळीखाली हात घालून तिचं चाक घट्ट धरून बसले होते. नाव कमी करतो म्हणजे काय, ते मला फटफटी लांब गेल्यावर उमजलं.

बाप वाड्यात आला तो हसतच. "बला टळली! सायकल राहिली बघ. आता पाऊस पडू दे, मग जाईल माझी लेक ऐटीत."

माय दारात रिकामा तांब्या घेऊन उभी होती. म्हणाली, "जाईल हो. पण कुठं?"