गाड्या जिथं क्रॉस होतात तिथलं घर

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. शुद्धलेखन बायकोनं तपासलंय, मजकूर माझा आहे. नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या गावी नोकरीला, असं जोडपं आमच्या ओळखीत दुसरं नाही. पण उद्या कुणावर ही वेळ आली तर तीन दिवसांची आमची ही भटकंती उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

मी मूळचा खर्ड्याकडचा. पंधराव्या वर्षी घर सोडलं, ते कराची, इटारसी, भुसावळ करत दुसरी मोठी लढाई संपता संपता कोपरगावात आलो. तिथं एका कारखान्यात पाण्याची इंजिनं दुरुस्त करतो. बायको, शांता, नगरला मुलींच्या शाळेत शिकवते आणि तेव्हा तिच्या आत्याकडे राहायची. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं, त्यात आम्ही एका छपराखाली असलेले दिवस बोटांवर मोजण्याइतके. माझ्यासारख्या इंजिनवाल्याला नगरला जागा मिळेना, तिला कोपरगावच्या शाळेत मिळेना.

दिवाळीच्या आधी तिचं पत्र आलं. "सुट्टीनंतर मला कायम करणार आहेत. बाबा म्हणतात, नोकरी सोड आणि नवऱ्याकडे जा. मी जाईन, पण नवरा चार महिन्यांनी कुठं असेल ते बाबांना ठाऊक नाही, मलाही नाही. दोघांना रोज जाता येईल असं मधलं घर या सुट्टीत मिळालं तर नोकरी ठेवते. नाहीतर राजीनामा."

पत्र वाचलं आणि वळकटीची सुतळी सोडून स्टेशनावर गेलो. तिथं भिंतीवर रेल्वेचा नकाशा आहे. कोपरगाव ते नगर रुळाच्या वळणांवरून सुतळी धरली, दुमडली आणि मध्यावर गाठ मारली. गाठ पडली बेलापूर आणि राहुरीच्या मधे, कोऱ्या जागेवर. तिथं नकाशात काहीच नव्हतं. मग अलीकडचं एक आणि पलीकडचं एक, अशी दोन गावं बघायची ठरली.

पहिला दिवस बेलापूरचा. मी कोपरगावहून आलो, शांता नगरहून आली. तिच्या हातात पितळी डबा, माझ्या खांद्यावर वळकटी. ती म्हणाली, "घर बघायला आलात की परगावी निघालात?" वळकटीशिवाय मी कुठं जात नाही, हे तिला माहीत आहे, तरी बोलते.

बेलापूर स्टेशनाभोवती पेठ जोरात वाढलीय. गुळाच्या ढेपा, उसाच्या गाड्या, सगळीकडे गोडसर वास आणि त्यावर माशा. चहा बरा मिळतो, भजी त्याहून बरी. पत्र्याच्या चाळीत एक खोली पसंत पडली. घरमालक सुपारी कातरत होता.

"बाई रोज नगरला जाणार? एकटी?"

"बायकांच्या डब्यात एकटी कशी असेन," शांता म्हणाली.

"आणि तुम्ही?" त्यानं माझ्याकडे वळून विचारलं. "बाईमाणूस दिवस उगवताना बाहेर पडणार, अन् तुम्ही मागं घरात बसणार?"

ते मात्र खरं होतं. नगरची गाडी बेलापुरात उजाडता उजाडता येते. कोपरगावकडची माझी गाडी तासाभरानं मागून. म्हणजे ती जाणार तेव्हा मी झोपेत. शांतानं खोलीकडे पुन्हा पाहिलं नाही. रात्री धर्मशाळेत उतरलो. ढेकूण होते, तेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी राहुरीला जायला सर्व्हिस मोटार धरली. लढाईच्या दिवसांतली कोळशाच्या गॅसवरची मोटार, चढ आला की दम खाते. तिकीट चार आणे, धूळ फुकट. वाटेतल्या देवळाली गावाच्या अलीकडे ती बंदच पडली. ड्रायव्हर मोटारीमागची कोळशाची भट्टी ढवळत बसला, मी बाह्या सरसावल्या. फिल्टरमधली राख झाडली आणि मोटार चालू झाली. बाजूच्या गुऱ्हाळवाल्यानं खूश होऊन द्रोणात गरम काकवी दिली. शांताच्या डब्यातली बाजरीची भाकरी त्यात बुडवून रस्त्याकडेला उभ्यानं खाल्ली. हंगामात त्या रस्त्यानं जाणार असाल तर घरून भाकरी न्याच.

राहुरीची खोली सुरेख होती. पुढं ओटा, मागं विहीर, भाडं सहा रुपये. पण इथं उलटा हिशेब. माझी गाडी आधी, तिची मागून. मी निघणार तेव्हा ती झोपेत, संध्याकाळी कोण कधी येईल ते बोलायचीही सोय नाही.

"काय फरक पडतो?" मी म्हणालो. "घर तर एक होईल."

शांता ओट्यावर बसली. "एक कुलूप आणि दोन किल्ल्या, याला मी घर म्हणत नाही. पत्रं तर आपण आत्ताही लिहितोच."

तिची ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण देवळालीला असते, तिच्याकडे मुक्काम केला. जेवताना शांता राजीनामा कसा लिहितात ते तिला विचारत होती, अगदी साध्या आवाजात, जशी एखादी भाजी कशी करतात ते विचारावं.

तिसऱ्या दिवशी परत फिरायचं. देवळालीला जवळचं स्टेशन टाकळीमियाँ. मैत्रिणीच्या नवऱ्यानं पहाटेच बैलगाडीतून सोडलं. रस्ता कच्चा, दोन्हीकडे ऊस, कालव्याचं पाणी कडेनं वाहतंय. स्टेशन म्हणजे एक खोली, एक कडुलिंब आणि झेंडा घेऊन बसलेला म्हातारा पाइंटमन.

"मामा, कोपरगावची गाडी किती वाजता?"

"साडेसातला."

"आणि नगरची?" शांतानं विचारलं.

"साडेसातलाच."

"दोन्ही?"

"लाईन एकच हाय न्हवं पोरी. एक गाडी इथं बाजूला उभी ऱ्हाती, दुसरी आली की मग सुटती. रोज हितंच क्रास व्हतो. तुमी दोघं काय भांडून चाललाय व्हय, एक हिकडं अन् एक तिकडं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी खांद्यावरच्या वळकटीच्या सुतळीची गाठ बघितली. नकाशात लहान स्टेशनं दाखवलेलीच नव्हती. मैल मोजत बसलो आणि गाड्यांचं वेळापत्रक बघितलं नाही, मी, जो दिवसभर यंत्रांची वेळ जुळवतो.

दोन्ही गाड्या आल्या, शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. शांतानं नगरच्या गाडीची दांडी धरली, मग सोडली.

"आजच्या जाऊ द्या," ती म्हणाली.

दोन्ही गाड्या सुटल्या. फलाटावर आम्ही आणि पाइंटमन मामा. हसून हसून मामांना खोकला लागला. त्यांनीच मग रुळापलीकडच्या चंद्राबाईंकडे नेलं. चंद्राबाई म्हणजे पन्नाशीची शेतकरीण, दोन म्हशी आणि एक रिकामी खोली.

"खोली न्हाई द्यायची मला," तिनं शेण कालवता कालवता सांगितलं. "मागल्या दोघांनी चार म्हैन्यांत पळ काढला. ह्यो तर वळकटी घिऊनच हिंडतोय."

"मावशी, मी नाही पळणार," शांता म्हणाली. "यांचं मात्र मी लिहून देत नाही."

"मग त्येलाच इचार. किती दिस ऱ्हाशील रं?"

खरं सांगायचं तर एका गावात वर्षभर मी कधी राहिलो नव्हतो. खोटं बोलवेना. "माहीत नाही मावशी," म्हणालो. "पण आज गाडी सोडली ती माझीपण होती."

तिनं शेणाच्या हातानंच माझ्या खांद्याकडे बोट दाखवलं. "वळकटी सोड आधी. मग बोलू."

सोडली. शांतानं लगेच सुतळी उचलली आणि खोलीत या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत बांधून टाकली. गाठ बरोबर मधे आली. भाडं चार रुपये ठरलं, आणि मावशीच्या विहिरीचा रहाट मी नीट करून द्यायचा.

याला आता पाच महिने झाले. जे नीट नाही तेही सांगतो. विहिरीचं पाणी मचूळ आहे, विंचू आहेत, रॉकेल रेशनवर मिळतं तेवढंच. प्रवासात दोघांचे दोन-दोन तास जातात, पास काढलात तरच परवडतं. पण सकाळी दोघं एकाच वेळी कडी लावतो, एकाच वेळी रूळ ओलांडतो. मामा रोज विचारतात, "मिटलं का भांडण?" आणि आम्ही दोन बाजूंना जातो. संध्याकाळी मी दीड तास आधी पोचतो. चूल मी पेटवतो. भाकरी अजून गोल होत नाही.

मागच्या आठवड्यात कराचीच्या दोस्ताचं पत्र आलं. गोदीत इंजिनवर जागा आहे, पगार दुप्पट, लगेच निघ. सवयीनं उठलो आणि वळकटी बांधायला सुतळी शोधली. तिच्यावर शांताचं लुगडं आणि माझा सदरा वाळत होते, दोन्ही ओले.

मी पत्र घडी करून ठेवलं आणि चूल पेटवायला घेतली. तिच्या गाडीला अजून अर्धा तास होता.