डायनॅमिक्सची दोन पुस्तकं

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी आणि माझा एक मित्र बारामतीत एका खोलीत राहायचो. मी शेळगावचा, तो कोऱ्हाळे बुद्रुकचा. दोघंही मराठी शाळेत शिकलेले. दोघांनाही मेकॅनिकल हवं होतं आणि दोघांच्याही वाट्याला सिव्हिल आलं होतं. पहिल्या वर्षाच्या मार्कांवर शाखा बदलून मिळायची, पण त्या वर्षी मेकॅनिकलमध्ये एकच जागा रिकामी होती. हे दोघांनाही माहीत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

दुसऱ्या सहामाहीत डायनॅमिक्स आलं. फिरणाऱ्या, घसरणाऱ्या, आदळणाऱ्या वस्तूंचं गणित. शिकवणारे सर फळ्याशीच बोलायचे. महिन्याभरात निम्मा वर्ग यायचा बंद झाला. पुस्तक आपलं आपणच शोधायला लागणार, हे कळल्यावर आम्ही लायब्ररीत गेलो. तिथं एका परदेशी लेखकाचं उशीएवढं जाड पुस्तक होतं. इंग्रजी सोपं, पानोपानी आकृत्या, पण सोडवून दाखवलेली गणितं थोडीच. बाकीची आपली आपण सोडवायची. मित्रानं ते उभ्या उभ्या अर्धा तास वाचलं.

"हेच घ्यायचं," तो म्हणाला. "ह्यात का व्हतंय ते सांगितलंय."

त्यानं ते आपल्या कार्डावर घेतलं. त्याला कळायचं, मग तो मला समजावून सांगायचा. चाक न घसरता गडगडत असेल तर जमिनीला टेकलेला त्याचा बिंदू त्या क्षणाला थांबलेला असतो, असं त्यात एका ठिकाणी होतं. मला काही पटेना. सगळी गाडी पळतेय आणि चाकाचा तळ थांबलाय? त्यानं मला खाली नेलं, घरमालकांच्या सायकलच्या टायरवर खडूची रेघ मारली आणि सायकल हळूहळू ढकलायला लावली. स्वतः उकिडवा बसून बघत राहिला.

"बघ, खाली आली. टेकली. थांबली. आता वर उठली. टेकल्यावर पुढं सरकली का? न्हाय!"

तेव्हा मला डायनॅमिक्स पहिल्यांदा कळलं. त्या दुपारी मला तो फार आवडला होता. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं सांगताना ते विसरून चालणार नाही.

त्यानंतर एका शनिवारी गावी जाताना एसटीत आमच्या गावचा, दोन वर्षं पुढं असलेला एक मुलगा भेटला. मी जाड पुस्तकाचं कौतुक सांगायला लागलो, तर तो हसला.

"त्ये वाचून शाना व्हशील, पास न्हाय व्हणार. पेपर गाईडातनं पडतोय. आकडंसुदिक बदलत न्हाईत."

सोमवारी परत आल्या आल्या मी स्टँडसमोरच्या दुकानातून ते गाईड घेतलं. मागच्या सगळ्या प्रश्नपत्रिका सोडवून दिलेलं, पातळ कागदाचं, जागोजागी छपाईच्या चुका असलेलं. खोलीवर येऊन ते माझ्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवलं. मित्र लायब्ररीत गेला की बाहेर काढायचो आणि गणितं कविता पाठ करावी तशी पाठ करायचो. त्याला का सांगितलं नाही, याला उत्तर एकच आहे. जागा एक होती.

एकदा त्यानं विचारलं, "तुजी गणितं लईच झटपट सुटाय लागलीत. दुसरं कंचं पुस्तक बघतोस का?"

"न्हाय रं," मी म्हणालो. "तुझंच वाचतोय."

जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

पेपर गाईडमधूनच पडला. मी दीड तासात सगळं लिहून मोकळा झालो. एका गणितात तर गाईडातली चूकसुद्धा तशीच उतरवून आलो. तो माझ्यापुढं दोन बाकं सोडून बसला होता. आकृती काढायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा. बाहेर आल्यावर त्याचा चेहरा फुलला होता. एक गणित त्यानं दोन रीतींनी सोडवलं होतं आणि दोन्हींचं उत्तर एकच आलं होतं. बाकीच्या गणितांना मात्र वेळ पुरला नाही.

तो थोडक्यात नापास झाला. मेकॅनिकलची जागा मला मिळाली. त्यानं पेढा खाल्ला, माझी पिशवी नव्या होस्टेलवर पोचवली. सिव्हिलमध्ये त्याचं मन रमलं नाही. पुढच्या वर्षी विषय राहत गेले, आणि एके दिवशी कॉलेज सोडून तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागला.

मी आता तोच विषय शिकवतो. मुलं विचारतात, "सर, कुठलं पुस्तक घेऊ?" मी सांगतो, एक समजायला घ्या, एक पास व्हायला. ती हसतात आणि दुसऱ्याचंच नाव लिहून घेतात. दरवर्षी मी वर्गात सायकल आणतो, टायरवर खडूची रेघ मारून दाखवतो. मुलं टाळ्या वाजवतात. ही युक्ती कुणाची, ते मी आजवर सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी भिगवणला मासे खायला थांबलो, तर तो तिथं जेवत बसलेला. कंपनीत मशिनांच्या देखभालीचं बघतो म्हणाला. त्याच्यासमोर बसलो, माझं ताट आलं आणि माझ्यानं राहवेना. म्हटलं, "तुला एक सांगायचं राहिलंय. त्या वक्ताला माझ्याकडं..."

"गाईड व्हतं," तो काटा काढत म्हणाला. "ठावं हाय मला. पेपराआदी एकदा तू स्टँडवरनं घरमालकांकडं फोन केलातास, एसटीचा पास खोलीवर राहिलाय म्हणून. पेटीतनं मीच काढून आणला न्हाय का?"

मला पास आठवत होता. धापा टाकत आलेला, माझी गाडी चुकू नये म्हणून पळत आलेला तो आठवत होता. पण पास पेटीत होता, हे इतक्या वर्षांत कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मग बोलला का न्हाईस?"

"मला वाटलं, तू सांगशील. दोन दिस वाट बघितली. मग वाटलं, आपल्याला समजतंय की सगळं, गाईड कशाला पायजे?" त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "मला तवा वाटायचं, समजलं की मानूस पास व्हतो."

मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, पण 'व्हय' म्हणाला नाही आणि 'न्हाय'ही म्हणाला नाही. जेवण झाल्यावर हात धुऊन आला, शिफ्टची वेळ झाली म्हणाला आणि मोटारसायकल काढून निघून गेला. त्याचा नंबर घ्यावा, हे मला तो गेल्यावर सुचलं.